चुलतभावाची बंदूक

असाहेल क्रॅब्ट्रीला चुलतभाऊ नव्हता. आमच्या खोऱ्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, कारण क्रॅब्ट्रींच्या घराण्यात जो कोणी जन्मला तो इथेच जन्मला आणि त्यातले बहुतेक आता आमच्याच चर्चमागे पुरलेले आहेत. तरीही मक्याची पेरणी उरकल्यावर एका सकाळी असाहेल आमच्या भट्टीवर आला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला की केंटकीतल्या त्याच्या चुलतभावाला एक ठासणीची बंदूक हवी आहे. डाव्या खांद्याची.

माझा नवरा ड्र्युरी बंदुका घडवतो. नळी त्याची, चाप त्याचा, लाकूडही त्याचंच. कोरीवकाम तेवढं माझं. जन्मभर घण मारून त्याचा हात असा झाला आहे की ऐरणीवर पक्का, पण कोरणी धरली की थरथरतो. गिऱ्हाइकांना आम्ही हे सांगत नाही. नळीवर नाव ड्र्युरीचं असतं, आणि ते मी कोरते. मला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण तो विषय वेगळा.

तर असाहेलची गोष्ट अशी होती की त्याच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं. डोळा ताकासारखा पांढरा दिसायचा. तो सोडून सगळ्यांना हे दिसत होतं. वसंतात त्याने हेंब्रीचं काळं डुक्कर अस्वल समजून मारलं आणि शेजारधर्म म्हणून अस्वलाच्या मांसातला वाटा हेंब्रीच्याच घरी पाठवला. हेंब्रीने तो खाल्ला आणि एवढंच म्हणाला की यंदाची अस्वलं चवीला डुकरासारखी लागतात.

हे असाहेलच्या मुलाच्या, लेम्युएलच्या कानावर गेलं. लेम्युएल खाली ओढ्याकाठी पाणचक्की चालवतो. बाप वर डोंगराच्या माथ्यावर एकटा राहतो, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, त्यात आता डोळा. लेम्युएलने चर्चच्या अंगणात चारचौघांत बापाला सांगितलं, "शरदातल्या नेमबाजीत बक्षिसाच्या बैलाची एक तंगडी तुमच्या घरात आली, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही आली, तर चक्कीवर राहायला यायचं." असाहेलने तिथल्या तिथे हात पुढे केला आणि दोघांनी हात मिळवून शर्त पक्की केली. चक्कीमागची खोली मी पाहिली आहे. खोली वाईट नाही, पण जात्याची घरघर अष्टौप्रहर भिंतीतून येते आणि खिडकीतून पिठाच्या पोत्यांशिवाय काही दिसत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर सकाळी दार उघडून चार डोंगर पाहिले, तो त्या खोलीत एक हिवाळाही काढणार नाही असं मला वाटलं, आणि तसं मी ड्र्युरीला बोलूनही दाखवलं.

उजवा डोळा गेला तर डाव्याने नेम धरायचा, यात लपवण्यासारखं काय, असं कुणी विचारेल. पण क्रॅब्ट्रींच्या घरात डाव्या हाताचा एक जुना इतिहास होता. लेम्युएल जन्मतः डावरा. असाहेलने तो लहान असताना त्याचा डावा हात चामड्याच्या वादीने कमरेला बांधून ठेवला होता. क्रॅब्ट्री डावा नसतो, असं तो सांगायचा, आणि डावीकडून नेम धरणाऱ्याला देवानेच पाठ दाखवली आहे असंही. हे त्याने खोऱ्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी ऐकवलं होतं. लेम्युएल उजव्या हाताने जेवायला शिकला, लिहायला शिकला, पोती उचलायला शिकला. बंदूक मात्र त्याला कधी जमली नाही. त्याची गोळी कुठे जाते ते आजवर कुणाला सापडलेलं नाही. आता असला बाप कुठल्या तोंडाने म्हणणार, मला डावी बंदूक करून दे? म्हणून केंटकीचा चुलतभाऊ.

ड्र्युरीने मापाची वादी काढली आणि विचारलं, "हात केवढा आहे चुलतभावाचा?"

"माझ्याएवढा," असाहेल म्हणाला.

"मान?"

"माझ्याएवढीच."

"आणि गाल? बंदुकीचा लाकडी दस्ता गालाला बसायला हवा."

असाहेलने जरा विचार केला. "तोंडावळा घराण्याचाच आहे," तो म्हणाला.

ड्र्युरीने शांतपणे त्याचीच मापं घेतली. मी भात्याकडे तोंड करून उभी राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, पण हा भांडं डोक्यावर घेऊन आला होता आणि म्हणत होता की भांडं केंटकीचं आहे.

नळीला वेळ लागतो. लोखंडाची लांब पट्टी तापवायची, सळईभोवती गुंडाळायची आणि वीत वीत जोडत न्यायची. मग आतून भोक साफ करायचं आणि गोळीला पीळ मिळावा म्हणून आत वळत जाणाऱ्या चरी पाडायच्या. चरी पाडायचं लाकडी यंत्र ओढायला दोन माणसं लागतात. असाहेल रोज डोंगर उतरून यायचा आणि चुलतभावाच्या वतीने ओढायला बसायचा. नळीला डावं-उजवं नसतं, त्यामुळे इथवर सगळं सुरळीत झालं.

घोड्यापाशी गाडी अडली. चकमक धरणारा घोडा, त्याच्या पुढची दारूची वाटी आणि आतल्या कमानी हे सगळं नेहमी बंदुकीच्या उजव्या अंगाला असतं. ती बंदूक डाव्या खांद्याला लावली तर वाटीतली दारू तोंडासमोर पेटते आणि भुवया जातात. म्हणून सगळं उलट करायला हवं होतं. ड्र्युरीने दोन दिवस कानस घासून एक सुरेख घोडा तयार केला आणि नळीला लावून पाहिला. तो उजवा होता. त्याने तो बाजूला ठेवला, नवीन लोखंड तापवलं आणि पुन्हा केला. तोही उजवाच. हात ऐकत नाहीत, तो म्हणाला. मी त्याला हसले, आणि मग माझी पाळी आली.

दस्त्याच्या पोटात चरबीत भिजवलेल्या चिंध्या ठेवायची एक खाच असते, तिला पितळी झाकण. त्या झाकणावर मी वेल काढते. माझी वेल खालून निघते आणि उजवीकडे वळते; ती मी झोपेतही काढीन. आता झाकण दुसऱ्या अंगाला, म्हणून वेल डावीकडे वळायला हवी. कोरणी माझ्या हातात अशी वागायला लागली, जणू ती मला पहिल्यांदाच भेटत होती. एक अख्खं झाकण मी वाया घालवलं. दुसऱ्यावर वेल आली, पण दमलेली दिसते. वेलीत एक कुत्रा असावा, चुलतभावाला कुत्रे आवडतात, असं असाहेलने सांगितलं. मी कुत्रा काढला. असाहेल म्हणाला, चुलतभावाचा कुत्रा इतका लठ्ठ नाही. मी म्हटलं, चुलतभावाचा कुत्रा मी पाहिलेला नाही. तो म्हणाला, माझ्या कुत्र्यासारखाच आहे. मी कुत्र्याच्या पोटावर गवत कोरलं आणि तो विषय संपवला.

लाकूड मात्र फार छान निघालं. लहरी असलेलं मेपल, तेजाब लावून भट्टीसमोर धरलं तसं मधासारखं तांबूस झालं. गाल टेकतो त्या जागेवर आठ टोकांचा चांदीचा तारा बसवला. चांदी असाहेलच्या वडिलांच्या बुटाच्या बकलाची होती.

त्याच चांदीची एक छोटी पाटी दस्त्याच्या मनगटावर बसते, अंगठा टेकतो तिथे. तिच्यावर मालकाची खूण येते. आमच्याकडे अर्ध्या लोकांना वाचता येत नाही आणि उरलेल्या अर्ध्यांवर त्यांचा विश्वास नाही, म्हणून आम्ही अक्षरं कोरत नाही. डुकरं रानात मोकळी चरतात, त्यामुळे प्रत्येक घराची डुकराच्या कानांवर कापायची एक खूण असते, तीच बंदुकीवर. असाहेलची खूण साऱ्या खोऱ्याला पाठ होती: डाव्या कानाचं टोक कापलेलं, उजव्या कानाला खालून खाच.

"चुलतभावाची खूण काय?" मी विचारलं.

याचा त्याने विचारच केला नव्हता. मग वैतागून म्हणाला, "सगळं उलटच चाललंय ना? माझीच घे आणि उलटी कर."

मी कोरायला बसले. उजव्या कानाचं टोक कापलं, डाव्या कानाला खालून खाच घेतली, आणि खाच पुरी होते न होते तोच माझ्या लक्षात आलं की ही खूण मी पाहिलेली आहे. मुलगा वेगळा राहायला निघाला की तो बापाची खूण उलटी करून घेतो, ही आमच्याकडची जुनी रीत. ही लेम्युएलची खूण होती. ओढ्याकाठी रोज दहा-बारा डुकरं ती मिरवत फिरतात. पण असाहेल चक्कीकडे कामापुरता जायचा आणि मुलाच्या डुकरांकडे बघायला कधी थांबला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पाटी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "असाहेलदादा, ही खूण नीट बघा. बसवली की निघायची नाही."

मी 'नीट बघा' म्हटलं हे त्याला झोंबलं असावं. त्याने पाटी उचलली, उजव्या डोळ्यासमोर धरली, त्या पांढऱ्या डोळ्यासमोर, आणि डावा डोळा मिटला. बराच वेळ तसा उभा राहिला.

"बघितली," तो म्हणाला. "झकास आहे."

दिसत नाही हे ज्याला कबूलच करायचं नाही, त्याला आपण काय दाखवणार? मी पाटी बसवली.

मग आमच्या भट्टीमागच्या ओंडक्यावर बंदूक मारून बघायचे दिवस आले. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी शेवटी ज्याच्या त्याच्या डोळ्याप्रमाणे घासावी लागते. चुलतभावाने हे काम आपल्यावर सोपवलंय, असं असाहेलने जाहीर केलं. डोंगरातला सगळ्यात नावाजलेला नेमबाज तो. पण डाव्या खांद्याला बंदूक लावली आणि त्याला पाय कुठे ठेवायचे तेही कळेना. दारू ओतताना सांडायची. चाप ओढायला चुकीचं बोट पुढे यायचं. बार उडायच्या आधीच डोळा मिटायचा. ओंडका जसाच्या तसा. ड्र्युरीने बायकापोरांना त्या बाजूला फिरकू नका म्हणून सांगितलं. असाहेल मात्र रोज यायचा. भुवईला घामाच्या धारा, खांदा सुजलेला, आणि तोंडाने चुलतभावाला शिव्या.

एका दुपारी तो लाकडं फोडायच्या ठोकळ्यावर येऊन बसला. मी बाहेर चिंध्या वाळत घालत होते.

"केझिया," तो म्हणाला, "लेम्युएलचा हात मी बांधला, तेव्हा तो केवढा होता?"

"पाच वर्षांचा असेल," मी म्हटलं.

"आणि सोडला कधी?"

"ते तुम्हाला माहीत."

त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग डाव्याकडे, जणू ते दोन्ही कुणी दुसऱ्याने ठेवायला दिले होते. "रडायचा नाही तो," तो म्हणाला. मला त्याची कणव आली आणि रागही आला. लेम्युएल रडायचा नाही कारण रडलं की वादी आणखी एक दिवस राहायची, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी तसं बोलले नाही. तो उठला आणि ओंडक्याकडे गेला. पानं पिवळी पडेपर्यंत त्याच्या गोळ्या ओंडक्यात लागायला लागल्या, आणि पुढे एकमेकींच्या जवळ.

नेमबाजी चक्कीच्या मैदानात झाली. बैल आधीच निवडलेला. चार तंगड्या चार नेमबाजांना, पाचव्याला कातडं आणि चरबी, आणि सहाव्याला ज्या झाडाला फळ्या टेकवतात त्या झाडात घुसलेलं सगळं शिसं. ते त्याने कुऱ्हाडीने उकरून न्यायचं. पंच हेंब्री. जो तो आपली फळी विस्तवावर काळी करून आणतो, तिच्यावर कागदाचा तुकडा ठोकतो, आणि हेंब्री फळीमागे कोळशाने बंदुकीवरची खूण काढतो. बंदुकीवरची, माणसाची नव्हे. एकदा एका चांगल्या बंदुकीवर आठ जण आळीपाळीने खेळले होते आणि मारामारी झाली होती; तेव्हापासून नियम असा, की बंदूक ज्याची, वाटा त्याचा.

असाहेलने या नियमाचाही विचार करून ठेवला होता. मला तो येता येता म्हणाला, वाटा चुलतभावाच्या नावावर पडेल, पण चुलतभाऊ केंटकीहून येईपर्यंत तंगडी माझ्याच घरात टांगलेली राहील. शर्त तंगडी घरात येण्याची आहे. मी म्हटलं, हो. आणखी काय म्हणणार होते?

त्याने घोंगडी सोडून बंदूक बाहेर काढली. डाव्या अंगाचा घोडा पाहून पुढच्यांनी मागच्यांना कोपर मारलं. मग तो डाव्या खांद्याला बंदूक लावून उभा राहिला तेव्हा लोकांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. "चुलतभावाची आहे," असाहेल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. कुणी हसलं नाही. हेंब्रीने पाटीवरची खूण पाहिली, पुन्हा पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने फळीमागे कोळसा चालवला.

असाहेलने बार काढला. कागदाच्या मधोमध नाही, पण अंगठ्याच्या पेराएवढ्या अंतरावर. त्याच्याहून जवळ फक्त एकाची गोळी गेली.

हेंब्रीने फळ्या उलट्या करून वाटे जाहीर केले. "दुसरा नंबर, मागली तंगडी," तो म्हणाला. "उजवं टोक, डावी खाच. लेम्युएल क्रॅब्ट्री."

लेम्युएल तिकडे बैल टांगायच्या दोऱ्या बांधत होता. तो नेमबाजीत कधीच भाग घेत नाही. नाव ऐकून तो हात पुसत आला, म्हणाला काहीतरी चूक झाली आहे. हेंब्रीने बंदूक त्याच्यापुढे धरली. लेम्युएलने पाटीवर अंगठा फिरवला. मग घोड्याकडे पाहिलं, घोडा कुठल्या अंगाला आहे ते पाहिलं. कुणी सांगितलं नाही, पण बंदूक आपणहून त्याच्या डाव्या खांद्याला गेली. बापलेकांची हाडं एकसारखी. गाल चांदीच्या ताऱ्यावर बरोबर टेकला.

"बा," तो म्हणाला, "ही माझ्यासाठी केलीत?"

असाहेलला तेव्हा कुठे कळलं त्या पाटीवर काय आहे ते. मी त्याचा चेहरा पाहत होते. बंदूक माझी, माझा उजवा डोळा गेला, मी डाव्याने मारतो, एवढं बोलला असता तर वाटा त्याचा होता. अख्ख्या खोऱ्याने त्याची गोळी पाहिली होती. तंगडी घरात आली असती आणि डोंगर त्याचाच राहिला असता. आणि हो म्हटलं, तर चक्कीमागची खोली.

लेम्युएल गालावरून बंदूक काढत नव्हता. चाळिशी उलटलेला माणूस, मिशीला पीठ लागलेलं.

"खूण कुणाची आहे?" असाहेल म्हणाला. "मग विचारतोस काय?"

पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण धूर डोळ्यांत जात होता. लोक म्हणाले एक बार मारून बघ. लेम्युएलने दारू भरली, गोळी ठासली, सगळं डाव्या हाताने, एकदाही न अडखळता. फळीवर गोळी लागली. मधोमध नव्हे, कोपऱ्यात. पण फळीला लागली, आणि आजवर त्याची फळीला कधी लागली नव्हती. त्याची बायको चक्कीच्या पायरीवर मटकन बसली.

असाहेल डोंगर चढून गेला. ऐकलं की त्याने रात्रीच बिछाना गुंडाळून दारात ठेवला. शब्द दिला म्हणजे दिला, माणूस तसा होता.

एक दिवस मध्ये गेला आणि लेम्युएल बैलांची बिनचाकी घसरगाडी घेऊन आमच्या दारावरून वर निघाला. बापाचं सामान आणायला चालला असणार, असं समजून मी आत गेले. मला ते बघायचं नव्हतं. दुपारी बैलांच्या घंटा ऐकून बाहेर आले तर गाडी रिकामी. ना बिछाना, ना असाहेल. लेम्युएल पुढे चालत होता, बंदूक डाव्या खांद्यावर.

"बा कुठे?" मी विचारलं.

"घरी," लेम्युएल म्हणाला. "शर्त काय होती? तंगडी त्यांच्या घरात आली पाहिजे. आता टांगून आलो. कुणी मारलेली हवी ते ठरलं नव्हतं." तो बैलांना हाकायला वळला आणि पुन्हा थांबला. "शनिवारी जाईन वर. शिकार केली पाहिजे त्यांच्यासाठी. त्यांचा डोळा गेलाय, त्यांना सांगू नका."

हिवाळा निम्मा सरल्यावर असाहेल आमच्या भट्टीवर आला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ठासणीची बंदूक हवी आहे म्हणाला. डाव्या खांद्याची.

ड्र्युरीने तोंडावरची रेषही हलू दिली नाही. "चुलतभावाला आणखी कुणी भाऊ आहे का?"

"चुलतभाऊ नाही मला," असाहेल म्हणाला. "माझ्यासाठी."

ड्र्युरी मापाची वादी आणायला उठला. मी म्हटलं, बस खाली, माप आहे आपल्याकडे. मग मी असाहेलला विचारलं, पाटीवर खूण कुठली घालू.

"माझी. सुलट." त्याने डाव्या हाताची बोटं एकदा उघडून मिटली. "डावरेपण आमच्या घराण्यातच आहे, केझिया. पोराने माझ्याकडूनच घेतलं असणार."